भार आणि पाठ

संध्याकाळीं सातच्या सुमारास ठाण्याच्या नौपाड्यांत गोखले रस्त्यानें चालणाऱ्याला दोन गर्दींतून वाट काढावी लागते. एक, स्टेशनाकडून घरीं परतणाऱ्या चाकरमान्यांची. दुसरी, खांद्याला पिशवी अडकवून जिमकडे निघालेल्या तरुणांची. क्षणभर थांबून पाहिलें तर दोन्ही गर्दींतले पुष्कळसे चेहरे तेच असल्याचें दिसून येईल. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चींत बसून काढलेला, मुंबईहून लोकलमध्यें उभ्यानें आलेला तरुण घरीं चहाचा पेला खालीं ठेवतो न ठेवतो तोंच कपडे बदलून पुन्हां जिना उतरतो. त्याच्या आईला याचें कौतुकही असतें आणि काळजीही. मुलगा भलत्या वाटेला न जातां व्यायामाला जातो, हें कौतुक. आणि तो उचलतो तें वजन घरांतल्या तांदळाच्या पोत्याच्या चौपट आहे, असें तो स्वतःच जेवतांना सांगतो, ही काळजी.

आईची ही काळजी अगदींच निराधार नाहीं. मात्र ती जेव्हां खरी ठरते, तेव्हां पुढें काय करावें याविषयींचे घराघरांतले समज कित्येकदां मूळ दुखापतीहून अधिक त्रास देतात. लोखंड उचलतांना दुखावलेली पाठ पुन्हां उभी कशी राहते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

महाराष्ट्राला व्यायाम नवा नाहीं. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचें, लोणावळ्याचें कैवल्यधाम १९२४ सालचें. आणि गांवोगांवच्या तालमी तर त्यांहूनही जुन्या. तालमींत जोडी असे, गदा असे, दगडी नालही असे. पण नाल उचलणारा गांवांत एखादाच. बाकीच्यांची शक्ति मोजली जाई ती डंड-बैठकांच्या संख्येनें. अमका पांचशें बैठका मारतो, तमका हजार. आजच्या जिममध्यें ती किलोनें मोजली जाते. लोखंडी प्लेटेवर आंकडाच कोरलेला असतो. हा फरक वरवर पाहतां क्षुल्लक, पण पाठीच्या दृष्टीनें मोठा आहे. संख्या वाढवूं जाणाऱ्याला दम लागतो, आणि दम लागला कीं माणूस आपोआप थांबतो. वजन वाढवूं जाणाऱ्याची पाठ दम लागण्याच्या आधींच हार खाते.

अशा एका तरुणाची कल्पना करावी. त्याला नांव देण्याचें कारण नाहीं. नौपाड्यांतल्या कोणत्याही आळींत तो सांपडेल. दोन महिने तो शंभर किलोची डेडलिफ्ट करीत आहे. शेजारच्या मित्रानें काल एकशें वीस उचलले. आदल्या रात्रीं झोप पुरी झालेली नाहीं, दिवसभर खुर्चींत बसून कंबर आंखडलेली आहे, आणि आज एकशें वीस उचलावयाचेच असा त्याचा निश्चय आहे. बार जमिनीवरून सुटतो, गुडघ्यांपर्यंत येतो. तेवढ्यांत पाठीची कमान होते, आणि कमरेंत वीज चमकावी तशी कळ जाते. बार हातांतून सुटतो. तरुणाला सरळ होतां येत नाहीं.

येथें काय घडलें, याचा अर्धा उलगडा शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या तरफेच्या नियमांतच आहे. कमरेचा सांधा हा टेकू. हातांतला बार टेकूपासून, समजा, चाळीस सेंटिमीटर पुढें आहे. पाठ सरळ ठेवणारे स्नायु कण्याच्या लगत मागें असतात. टेकूपासून त्यांचें अंतर अवघें पांच सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे अंतराचें गुणोत्तर आठास एक. शंभर किलोचा बार तोलण्यासाठीं त्या स्नायूंना आठशें किलोइतकी ओढ द्यावी लागते, आणि ती सारी ओढ कण्याच्या मणक्यांना एकमेकांवर दाबते. धडाचें स्वतःचें वजन यांत धरलेलेंच नाहीं. हिशेब अर्थात् ढोबळ आहे. पण तोच बार पायांच्या नडग्यांना लागूनच वर आणला आणि अंतर पंचवीस सेंटिमीटरवर आलें, तर ओढ पांचशेंवर उतरते. वजन तेंच, माणूस तोच. पंधरा सेंटिमीटरनें तीनशें किलो कमी केले. जाणते ट्रेनर बार शरीराच्या जवळ ठेवा असें ओरडून सांगतात, तें या हिशेबामुळें.

दुसरा अर्धा उलगडा शरीररचनेंत आहे. कण्याचे हलते मणके चोवीस. त्यांपैकीं कमरेचे पांच. दोन मणक्यांच्या मध्यें एक चकती असते: बाहेर कांद्याच्या पापुद्र्यांसारखीं चिवट तंतूंचीं कडीं, आणि आंत पाणीदार गर. प्रौढ माणसाच्या या चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळ जवळ नसतात. तिच्यावर भार पडला कीं पाणी थोडें बाहेर जातें, भार उतरला कीं परत आंत येतें, आणि तिचें पोषण बरेंचसें या येण्याजाण्यांतून होतें. रात्रभर निजल्यावर ती पाण्यानें फुगलेली असते. म्हणून सकाळीं माणसाची उंची संध्याकाळपेक्षां किंचित् अधिक भरते, आणि उठल्याउठल्या वांकून जड वस्तु उचलणें दुखऱ्या पाठीला अधिक बाधतें. पहिल्या दुखापतींत बहुधा स्नायु व अस्थिबंध ताणले जातात. कधीं चकतीचें कडें फाटून गर बाहेर डोकावतो. आणि कोंवळ्या वयांत वारंवार पाठ मागें वळवून भार घेणाऱ्यांच्या मणक्याच्या मागील कमानीला बारीक चीर पडते. भारोत्तोलकांप्रमाणें ती वेगवान् गोलंदाजांतही दिसते.

या मागें वळण्याचा एक दाखला खुद्द ऑलिंपिकमध्यें आहे. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकपर्यंत भारोत्तोलनांत ‘प्रेस’ नांवाचा तिसरा प्रकार असे. खांद्यावर घेतलेला भार केवळ हातांच्या बळानें डोक्यावर न्यावयाचा, असा त्याचा नियम. पण स्पर्धक पाठ इतकी मागें टाकूं लागले कीं उभ्यानें केलेला प्रेस निजून केल्यासारखा दिसूं लागला. पंचांना निर्णय देणें कठीण झालें, कमरेला धोका आहे अशीही ओरड झाली, आणि त्या स्पर्धेनंतर तो प्रकार बंद करण्यांत आला.

आतां आपल्या तरुणाकडे वळावें. दोन मित्रांच्या खांद्यावर हात टाकून तो घरीं येतो. पहिल्या तासाभरांत घरांत चार वैद्य तयार होतात. आजी गरम तव्यावर फडकें शेकवते. शेजारचे काका गादी काढून फळीवर निजवा, महिनाभर उठूं देऊं नका, असें बजावतात. कोणी पाठीवर पाय देऊन चकती ‘बसविणाऱ्या’ इसमाचा पत्ता देतो. वडील एकच वाक्य बोलतात: उद्यांपासून जिम बंद.

यांतला शेक निरुपद्रवी आहे. बरें वाटत असेल तर अवश्य द्यावा. पाठीवर पाय देणाऱ्याला मात्र दारांतूनच परत पाठवावें. राहिला महिनाभर निजण्याचा उपाय. तो केवळ काकांचा नव्हे; एके काळीं मोठमोठे डॉक्टरही तोच सांगत. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यवैद्यांनीं १९३४ सालीं सरकलेल्या चकतीचा आणि पायांत उतरणाऱ्या कळेचा संबंध दाखवून दिला, आणि पुढें कित्येक वर्षें पाठ दुखली कीं चकती, आणि चकती म्हटली कीं बिछाना, असें समीकरण होऊन बसलें. १९८६ सालीं अमेरिकेंत डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०३ रोग्यांवर प्रयोग करून पाहिला. कांहींना दोन दिवस निजण्यास सांगितलें, कांहींना सात दिवस. गुण दोघांनाही सारखाच आला. पण दोन दिवसवाल्यांच्या कामाचे खाडे ४५ टक्क्यांनीं कमी पडले. १९९५ सालीं फिनलंडमध्यें याहून पुढची पायरी गांठली गेली. १८६ जणांचे तीन गट केले: एक निजणारांचा, एक पाठीचे व्यायाम करणारांचा, आणि एक झेपेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारांचा. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. सर्वांत मागें राहिला तो निजणारांचा. ज्या चकतीचें पोषण हालचालींतून होतें, तिला निश्चल ठेवून तिचें भलें कसें व्हावें?

मात्र एक अपवाद घरांतल्या प्रत्येकानें लक्षांत ठेवला पाहिजे. लघवी अडली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, दोन मांड्यांमधील भाग बधिर झाला, पाय लुळा पडूं लागला, कळेबरोबर ताप आला, तर सकाळची वाट न पाहतां रात्रींच रुग्णालय गांठावें. अशा वेळीं कांहीं तासांचा उशीरही जन्माचें पंगुत्व देऊं शकतो.

असा प्रसंग सुदैवानें विरळा. बहुतेकांच्या वांट्याला येतें तें दुसरेंच संकट, आणि तें कागदावर छापलेलें असतें. तरुणाच्या पाठीचें चुंबकीय चित्र, म्हणजे एमआरआय, काढलें जातें आणि अहवाल हातीं पडतो. त्यांत चकती फुगली आहे, झिजली आहे, पाणी कमी झालें आहे, असे शब्द असतात. बाविसाव्या वर्षीं पाठ झिजली हें वाचून घर हादरतें. लग्न कसें जमणार, येथपर्यंत बोलणीं जातात. अशा घरांनीं १९९४ सालचें एक संशोधन जाणून घ्यावें. ज्यांची पाठ मुळींच दुखत नव्हती अशा ९८ निरोगी माणसांचीं तशीं चित्रें अमेरिकेंत काढलीं गेलीं. त्यांपैकीं ५२ टक्के लोकांत निदान एक तरी चकती फुगलेली निघाली, आणि २७ टक्के लोकांत ती बाहेर आलेली. म्हणजे चित्रांत दिसतें तेंच दुखतें असें नाहीं. आणि चकतीबाहेर आलेला गरसुद्धां पुष्कळदां शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतें. चित्र डॉक्टरांना उपयोगी आहे. जेवणाच्या टेबलावर तें उपद्रवी आहे.

पहिले दोन-तीन दिवस सरले कीं तरुणानें चालावें. नौपाड्यांतून तलावपाळीपर्यंत जाऊन परत येणें ही कोणालाही परवडणारी औषधयोजना आहे. प्रथम अर्ध्या वाटेवरून परतावें लागेल, लागो. नुसत्या स्नायूंची दुखापत असेल तर बहुधा सहा आठवड्यांच्या आंत ती बऱ्याच अंशीं बरी होते. कोणी आसनें सुचवील, आणि नौपाड्यांत तें साहजिकच आहे. १९६५ सालीं स्थापन झालेलें तेथील घंटाळी मित्र मंडळ योगशिक्षणासाठीं ठाण्याबाहेरही ओळखलें जातें. पण चकती दुखावलेल्यानें पहिल्या दिवसांत पश्चिमोत्तानासनासारखें पुढें वांकणें टाळावें. भुजंगासनानें एकाला आराम पडतो, तर कमानीला चीर गेलेल्या दुसऱ्याची कळ त्याच आसनानें वाढते. तेव्हां पुस्तकांत पाहून आसन करण्यापेक्षां जाणत्या शिक्षकाला आणि फिजिओथेरपिस्टला आधीं दुखणें सांगावें हें बरें.

आतां खरा कठीण भाग. वडिलांनीं जिम बंद केली ती प्रेमानें. पण कायमची बंद केली तर दुखापतीची भीति पाठींत कायमची राहते, आणि स्नायु दुबळे होऊन पुढें पाण्याची बादलीसुद्धां पाठ धरते. उलट, मुलानें वडिलांचें न ऐकतां तीन आठवड्यांनीं पुन्हां एकशें वीसलाच हात घातला, तर पहिली दुखापत परवडली असें म्हणण्याची पाळी येते. या दोहोंमधून जाणारी वाट कशी असते, हें पाहण्यास एक ठळक उदाहरण आहे.

मणिपुरची मीराबाई चानू हिनें २०१७ सालीं अमेरिकेंतील अॅनाहाइम येथें ४८ किलो वजनगटांत एकूण १९४ किलो उचलून जागतिक अजिंक्यपद मिळविलें. २०१८ च्या एप्रिलमध्यें गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल सामन्यांत तिनें १९६ किलो उचलून सुवर्णपदक घेतलें. त्यानंतर लवकरच तिची कंबर दुखूं लागली. नेमकें कारण सांपडेना. जकार्ताचे आशियाई सामने तिला सोडावे लागले, अश्गाबादची जागतिक स्पर्धाही सोडावी लागली. जगज्जेत्या खेळाडूनें असे महिने कसे काढले असतील याची कल्पनाच करावी. २०१९ च्या फेब्रुवारींत ती थायलंडमधील स्पर्धेंत उतरली, आणि तिनें उचलले १९२ किलो. पूर्वींपेक्षां चार किलो कमी. वृत्तपत्रांत सुवर्णपदकाची बातमी आली. पण पाठ दुखावलेल्या प्रत्येक तरुणानें पदकापेक्षां ते चार किलो पाहावेत. जगज्जेतीसुद्धां परत आली ती खालच्या आंकड्यावर. त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें पट्टाया येथें ती २०१ वर पोंचली आणि चौथी आली. २०२० सालीं सेंट लुई येथें जाऊन आरन हॉर्शिग या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीं तिनें शरीराच्या हालचालींतले दोष सुधारून घेतले. २०२१ च्या एप्रिलमध्यें ताश्कंदला ४९ किलो गटांत क्लीन अँड जर्कमध्यें ११९ किलोचा जागतिक उच्चांक, आणि २४ जुलै २०२१ रोजीं टोकियो येथें एकूण २०२ किलोसह ऑलिंपिकचें रौप्यपदक. दुखापतीपासून येथवर तीन वर्षें लागलीं.

महाराष्ट्रांतलें उदाहरण पाठीचें नाहीं, कोंपराचें आहे. तरी तें सांगण्यासारखें आहे. ३० जुलै २०२२ रोजीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटांत सुवर्णाच्या दारांत उभा होता. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नांत त्याचा उजवा कोंपर दुखावला. तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला, आणि तो फसला. २४८ किलोंसह त्याला रौप्यपदक मिळालें. मलेशियाच्या खेळाडूनें २४९ उचलून सुवर्ण नेलें. एका किलोचें अंतर. देशाच्या नांवासाठीं जखमी हातानें केलेल्या त्या तिसऱ्या प्रयत्नाला कोणी नांवें ठेवूं नयेत. पण नौपाड्यांतल्या जिममध्यें पदक नसतें, पंच नसतात, मलेशियाही नसतो. तेथें दुखऱ्या अंगानें केलेला तिसरा प्रयत्न केवळ आरशासाठीं असतो.

अमेरिकेंत ब्रायन कॅरल नांवाच्या भार उचलणाऱ्याचा कमरेचा मणका आणि त्याखालचें त्रिकास्थि, दोन्ही भंगलीं होतीं. २०१३ सालीं तो कॅनडांतील वॉटरलू विद्यापीठाचे कणातज्ज्ञ स्टुअर्ट मॅकगिल यांच्याकडे गेला. मॅकगिल यांनीं प्रथम त्याला भार उचलण्यापासून दूर ठेवलें, आणि चालणें व पोट-पाठ-कुशीचे साधे स्थिर व्यायाम दिले. जमिनीवर हातपाय टेकून समोरचा उजवा हात व मागचा डावा पाय लांब करावयाचा, कण्यानें हलावयाचें नाहीं: असले, पाहणाऱ्याला पोरकट वाटणारे प्रकार. २०२० च्या ऑक्टोबरांत त्याच कॅरलनें आधाराचे खास कपडे चढवून १३०६ पौंडांचा, म्हणजे सुमारें ५९२ किलोंचा स्क्वॅट केला. हें उदाहरण अनुकरणासाठीं मुळींच नव्हे. त्याच देशांत आठ वेळां मिस्टर ऑलिंपिया झालेला रॉनी कोलमन अनेक शस्त्रक्रियांनंतर कुबड्यांच्या आधारानें चालूं लागला, हेंही त्याच लोखंडाचें फळ आहे. कॅरलच्या कथेंत घेण्याजोगें आहे तें एवढेंच, कीं बलाढ्य माणसानें कित्येक महिने पोरकट व्यायाम निमूटपणें केले.

आपल्या तरुणानेंही तेंच करावयाचें आहे. घरांत केरसुणीची लांब काठी असते. ती पाठीला लावून डोक्याचा मागचा भाग, खांद्यांमधील पाठ आणि माकडहाड, तिन्ही तिला टेकलेलीं ठेवून कमरेच्या खालून, खुब्यांतून वांकावयास शिकावें. काठी सुटली कीं कमान झाली. हें आठवडाभर साधलें कीं मग नुसता बार, वीस किलोंचा, एकही प्लेट न लावतां. उचलण्यापूर्वीं पोटांत श्वास भरून पोट घट्ट करावें. भार किती वाढवावा हें मित्रानें ठरवूं नये; दुसऱ्या दिवशींच्या सकाळीं अंथरुणांतून उठतांना पाठ काय म्हणते, त्यावरून ठरवावें. थोडी आंखडलेली असेल तर चालेल; कळ पायांत उतरत असेल तर मागें जावें.

कठीण आहे तें बार उचलणें नव्हे. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळीं, आरशासमोर, सोळा वर्षांचें पोर शेजारीं साठ किलो उचलीत असतांना, ज्यानें शंभर उचलले होते त्यानें रिकामा बार घेऊन उभें राहावयाचें, हें कठीण आहे. कित्येकांची पाठ येथें दुसऱ्यांदां मोडते. कारण ते पहिल्याच आठवड्यांत दोन्ही बाजूंना प्लेटा लावतात. ज्याला लाज वाटते त्यानें सकाळीं दहानंतर जावें, तेव्हां गर्दी नसते, आणि चकतीही तोंवर सकाळच्या फुगलेपणांतून उतरलेली असते.

पांच महिने असे गेले. रविवारीं दुकानाचा मुलगा तांदळाचें पंचवीस किलोंचें पोतें दारांत टाकून गेला. वडील तें आंत न्यावयास निघाले. गुडघे सरळ, पाठ कमानीसारखी, हात लांब पुढें. मुलगा खोलींतून धांवत आला.

“बाबा, थांबा. आधीं पोतें जवळ ओढून घ्या. पोटाशीं. गुडघे वांकवा.”

“तूं नको उचलूंस,” आई स्वयंपाकघरांतून म्हणाली.

“मी नाहीं उचलत. बाबांनाच शिकवतोंय.”

वडिलांनीं एकदां मुलाकडे पाहिलें, गुडघे वांकविले, आणि पोतें पोटाशीं धरून आंत नेलें.